धक्क्याच्या बाजूने मुंबई

मुंबईचा कोट पायी पाहणाऱ्यांची वाट बहुधा ठरलेली असते. गेटवेपासून निघायचे, काळा घोडा, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय पाहायचे, हुतात्मा चौकात थोडे थांबायचे आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचे. दोन-अडीच तासांत फेरी पुरी होते. या वाटेवरच्या इमारती देखण्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जागतिक वारशाच्या यादीतही गेल्या आहेत. अडचण अशी की या वाटेने चाललेल्या माणसाला मुंबई हे बंदर होते, हे कळतच नाही. त्याला राजधानी दिसते, मनोरे आणि कमानी दिसतात, पण या सगळ्याचा खर्च कशातून निघाला हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहत नाही. ओव्हलच्या कडेने ओळीत उभ्या असलेल्या इमारतींची तोंडे पश्चिमेला आहेत. त्या बाजूच्या समुद्रात माल उतरवायला मोठे जहाज कधी लागले नाही. ज्या पाण्यामुळे मुंबई झाली ते पाणी पूर्वेचे, आणि आज ते जवळजवळ सगळे भिंतींआड गेले आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, मुंबई बंदर म्हणून समजून घ्यायची असेल तर इमारतींच्या दर्शनी बाजू सोडून पूर्वेच्या जुन्या किनाऱ्याची रेषा धरून चालावे. त्या रेषेवर जो पुरावा मिळतो तो सांगतो, की सत्ता इंग्रजांची असली तरी हे शहर मालाने, देशी पेढ्यांच्या पैशाने आणि कोकण-देशावरून आलेल्या माणसांच्या खांद्यांनी उभे केले.

ही रेषा आजच्या नकाशावर शोधणे अवघड नाही. अपोलो बंदर, नौदलाची गोदी, टाऊन हॉलची मागची बाजू, टांकसाळ, बोरीबंदर, मशीद बंदर, मांडवी आणि वर माझगाव. सुमारे पाच-सहा किलोमीटरची चाल. पश्चिमेचा उपसागर, म्हणजे बॅक बे, उथळ, खडकाळ आणि नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याला सताड उघडा. पूर्वेला मात्र मुंबई बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामध्ये खोल, रुंद आणि आडोशाचे पाणी आहे. सुरतेला हे सुख नव्हते. तिथे तापीच्या मुखाशी गाळ साचे आणि मोठी जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. राजाला तिची किंमत कळली नव्हती. सुरतेच्या वखारीत बसून मालाची चढउतार पाहणाऱ्या कंपनीच्या नोकरांना ती कळली होती, कारण त्यांचा हिशोब पाण्याच्या खोलीशी होता.

चाल गेटवेपासूनच सुरू करावी, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. गेटवे हे बंदराचे दार कधीच नव्हते. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज इथे उतरला तेव्हा स्वागताला उभी होती ती तात्पुरती शोभेची कमान. आजची दगडी वास्तू १९२४ मध्ये पुरी झाली आणि तोवर विलायतेच्या बोटी उत्तरेला बॅलार्ड पिअरला लागू लागल्या होत्या. फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण या कमानीखालून निघून गेली. कमान येण्याजाण्याच्या समारंभांची होती. कामाचे दार तिथून थोड्या अंतरावर आहे, शहीद भगतसिंग मार्गावरचा लायन गेट. आत नौदलाची गोदी असल्याने चालणाऱ्याला फक्त भिंत दिसते. तरी या भिंतीच्या कडेने सावकाश चालावे, कारण तिच्या पलीकडे मुंबईचा पहिला खरा उद्योग सुरू झाला.

कंपनीने १७३५-३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला सुरतेहून बोलावून घेतले. १७५० मध्ये इथे पहिली सुकी गोदी तयार झाली. सुक्या गोदीचे काम समजून घेतले की या किनाऱ्याचे मोल कळते. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचे, मग दार लावून उरलेले पाणी उपसायचे. जहाज लाकडी टेकूंवर उभे राहते आणि त्याचा तळ मोकळा होतो. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, कुजलेल्या फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या आणि पुढच्या भरतीला जहाज पुन्हा तरंगवायचे. यासाठी भरती-ओहोटीतला फरक मोठा लागतो आणि तो मुंबईला आहे. वाडियांच्या पुढच्या पिढ्यांनी याच आवारात मलबारच्या सागवानाची जहाजे बांधली. १८१० चे ‘मिंडेन’ हे ब्रिटनबाहेर बांधले गेलेले ब्रिटिश आरमाराचे पहिले मोठे लढाऊ जहाज. १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. आणि १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, ज्याच्यावर ऑगस्ट १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि चीनला हाँगकाँग सोडावे लागले. अफूच्या युद्धाचा शेवट करणारा तह मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या जहाजावर व्हावा, या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

भिंत धरून उत्तरेला गेले की जुन्या किल्ल्याची, म्हणजे बॉम्बे कॅसलची, जागा लागते. आज तिथे नौदलाचे ‘आंग्रे’ हे ठाणे आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराच्या धास्तीने १७१५ नंतर गव्हर्नर बून याने शहराभोवतीचा तट पुरा करून घेतला, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलाने त्याच किल्ल्याला कान्होजींचे नाव दिले. मराठी माणसाला याचा आनंद वाटतो आणि तो रास्त आहे. पण तटाच्या गोष्टीत आणखी एक धागा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला जास्त जवळचा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मराठे आता मुंबईवर येणार, या भीतीने तटाबाहेर खंदक खणायचे ठरले. त्यासाठी शहरातल्या देशी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम लहान होती, तरी तिचा अर्थ मोठा आहे. आपला माल आणि आपल्या पेढ्या कंपनीच्या तटाआड सुरक्षित राहाव्यात, असे या व्यापाऱ्यांना वाटत होते. त्यांनी स्वतःहून बाजू निवडली होती. वसाहतीच्या बंदराची गोष्ट फक्त जिंकणारे आणि जिंकलेले अशा दोन रंगांत सांगता येत नाही, ती या वर्गणीमुळे.

टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर, म्हणजे एशियाटिक सोसायटीपुढे, चालणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते. १८३३ मध्ये पुरी झालेली ही ग्रीक धाटणीची इमारत बांधली गेली तेव्हा तिच्या मागच्या अंगाला थोड्याच अंतरावर पाणी होते. समोर आज हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे. त्या जागी तेव्हा मोकळे मैदान होते, बॉम्बे ग्रीन. एका बाजूला १७१८ चे सेंट थॉमस चर्च, दुसऱ्या बाजूला बंदराचे धक्के, आणि मधल्या मैदानात रुईच्या गाठींचे ढीग. रुईचा हंगाम पावसाळ्याच्या आधी आटपावा लागे, कारण भिजलेली रुई विलायतेला पोचेपर्यंत कुजते. म्हणून उन्हाळ्याच्या महिन्यांत मैदानावर पाय ठेवायला जागा नसे. बैल, गाडे, गाठी फोडून नमुना पाहणारे दलाल, वजन करणारे तोलारी, गाठी वाहणारे हमाल, सगळे चर्चच्या दारात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला गेला आणि पुढे विसाव्या शतकात तो शिवडीला गेला. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावात त्याची आठवण उरली आहे. रुई गेली तरी भावाचा धंदा गेला नाही. १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या शेअर दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना केली, आणि आजचे दलाल स्ट्रीट त्याच घोळक्यातून निघाले. याच परिसरात ‘मुंबई समाचार’चे कार्यालय आहे. १८२२ मध्ये निघालेल्या या गुजराती पत्राच्या सुरुवातीच्या अंकांत जहाजांच्या ये-जा आणि व्यापाराच्या बातम्या असत. छापखाना, वड आणि गाठी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होत्या, कारण तिन्हींना लागणारा कच्चा माल एकच होता, जहाजाची बातमी.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे खरे असले तरी सर्कलच्या कमानी, टाऊन हॉलचे खांब, गोद्यांच्या भिंती या इंग्रज इंजिनिअरांच्याच डोक्यातून निघाल्या, मग शहर त्यांनी घडवले असे का म्हणू नये? आक्षेप वजनदार आहे. आराखडे त्यांचे होते यात वाद नाही, आणि हुकूमही त्यांचाच चाले. पण आराखड्यापलीकडचा हिशोब पाहावा. आजच्या सर्कलची आखणी झाली तेव्हा मैदान पालिकेने घेतले, त्याचे भूखंड पाडले आणि ते व्यापारी पेढ्यांना विकले. ठराविक दर्शनी भाग बांधायचा ही अट पालिकेची, पैसा विकत घेणाऱ्याचा. १८७२ च्या सुमारास वर्तुळ पुरे झाले. त्याआधी, १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरने कोटाचे तट पाडले. लष्कराच्या दृष्टीने ते निरुपयोगी झाले होते आणि आतली जमीन व्यापाराला हवी होती. म्हणजे ज्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर विद्यापीठ आणि न्यायालय उभे राहिले ती जमीनही मालाच्या रेट्याने मोकळी झाली. फ्लोरा फाउंटन उभे आहे ते पाडलेल्या चर्चगेट दरवाजाच्या जागेवर. त्याच चौकात नोव्हेंबर १९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि त्या चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले. तो इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बॅलार्ड इस्टेट या युक्तिवादाचा सर्वांत सरळ पुरावा आहे. रुंद, सावलीचे रस्ते, एका उंचीच्या राखाडी इमारती. रविवारी इथे चालणे सुखाचे असते आणि बहुतेक लोक याला सुंदर वसाहतकालीन परिसर म्हणून पाहून जातात. पण पायाखालची जमीन १९०० साली अस्तित्वातच नव्हती. शेजारी अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणली गेली. ती १९१४ मध्ये सुरू झाली. खणताना निघालेला दगड आणि माती समुद्रात टाकून सुमारे २२ एकर भरणी केली गेली, आणि तिच्यावर जॉर्ज विटेट या वास्तुकाराच्या देखरेखीखाली हा परिसर उभा राहिला. गोदी आणि परिसर ही एकाच खड्ड्याची दोन रूपे आहेत. त्या काळात माती हाताने उपसली जाई आणि डोक्यावरून वाहून नेली जाई. त्या टोपल्या वाहणाऱ्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. बॅलार्ड हे नाव मात्र पोर्ट ट्रस्टच्या पहिल्या काळातल्या अधिकाऱ्याचे आहे.

आता अफूकडे. देशी व्यापाऱ्यांनी शहर उभे केले असे म्हणताना एक मोठा धोका असतो. आपले म्हणून त्यांचे गुणगान सुरू होते आणि माल कोणता होता हे विसरले जाते. माळव्याची अफू दमणमार्गे चीनला जाऊ नये म्हणून कंपनीने १८३० च्या दशकाच्या आरंभी ती मुंबईतून परवान्याने जाऊ दिली आणि प्रत्येक पेटीवर कर घेतला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या शेठांनी त्या व्यापारात जार्डिन मॅथेसन कंपनीबरोबर अमाप पैसा केला. त्याच पैशातून १८४५ मध्ये ज. जी. रुग्णालय उभे राहिले आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नीच्या देणगीने माहीमचा पूल झाला. लाखो मुंबईकर आजवर त्या रुग्णालयात बरे झाले आहेत. चीनच्या किनाऱ्यावर त्याच पेट्यांनी किती घरे उद्ध्वस्त केली, याचा हिशोब त्या रुग्णालयात लिहिलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. दानशूरपणा खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण टाऊन हॉलमध्ये जमशेटजींचा पुतळा पाहिला की तिथून चालत दहा मिनिटांवर ‘कॉर्नवॉलिस’ बांधणारी गोदी आहे हे ध्यानात घ्यावे. बंदराची साखळी तिथे पुरी होते. माळव्यातला शेतकरी, मुंबईचा शेठ, इंग्रज दर्यावर्दी आणि कॅन्टनचा व्यसनी हे एका दोरीने बांधलेले होते, आणि त्या दोरीची एक गाठ इथे होती. जो फिरस्ता फक्त इमारतींची शैली पाहतो त्याला ही गाठ दिसू शकत नाही.

टांकसाळीपुढून बझार गेटकडे वळले की कोटाचे दुसरे रूप सुरू होते. कोटात दक्षिणेला गोऱ्यांची वस्ती आणि उत्तरेला पारशी, बनिये, बोहरी अशी दाट वस्ती होती. १७०९ ची बनाजी लिमजी अग्यारी, मुंबईतली सर्वांत जुनी, याच उत्तर भागात आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये इथे मोठी आग लागली, घरांच्या रांगाच्या रांगा जळाल्या, आणि आगीनंतर तटाबाहेरचे मैदान रुंद करून बऱ्याच देशी वस्तीला तटाबाहेर हलवण्यात आले. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी या बाजूला शहर वाढले त्याला या आगीचा मोठा हातभार लागला. सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात जुन्या तटबंदीचा एक तुकडा शिल्लक आहे, तो पाहून पुढे पी. डिमेलो रस्त्याला लागावे. या रस्त्याला पूर्वी गव्हर्नर फ्रिअरचे नाव होते. आता गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचे आहे. मुंबईतल्या नामांतरांपैकी हे मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण या रस्त्यावर खरोखर फ्रिअरपेक्षा गोदी कामगारच जास्त चालले.

मशीद बंदर आणि मांडवी इथे नकाशा खिशात ठेवावा आणि हातगाड्यांना वाट देत चालावे. ज्या परिसराला रेल्वेने मशीद म्हटले, तिथे सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे. १७९६ मध्ये ते सुरू करणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनीच्या पलटणीत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. त्यांचा समाज कोकणातून आलेला, मराठी बोलणारा. शेजारीच धान्य, मसाला, खजूर आणि सुकामेव्याच्या पेढ्या आहेत. वर मजुरांच्या खोल्या, खाली वखारी. सप्टेंबर १८९६ मध्ये याच मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. साथ बहुधा हाँगकाँगच्या बाजूने जहाजातून आली, आणि वखारींतल्या धान्यावर पोसलेल्या उंदरांनी ती पसरवली. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, सँडहर्स्ट रस्ता, चाळींचे नियम या सगळ्यामागे हे बंदर आहे. जहाजांनी पैसा आणला आणि त्याच वाटेने रोगही आणला. शहराच्या रचनेवर दोघांचे ठसे सारखेच खोल आहेत.

हमालीचा इतिहास इथे अजून डोळ्यांसमोर चालतो. सातारा, पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या डोंगरी भागांतून आलेले माथाडी डोक्यावर चुंबळ ठेवून ट्रकमधून पोती उतरवताना दिसतील. ट्रकच्या फाळक्यावर उभे असलेले दोघे पोते उचलून खालच्याच्या मानेवर अलगद टेकवतात, तो एका दमात वखारीच्या आत जातो, आणि त्याची जागा लगेच दुसरा घेतो. कामाची ही लय टोळीची असते, एकट्याची नसते. गोदीतही तेच होते. टोळीवाला माणसे पुरवी, जहाज आले की काम, नाही तर उपाशी दिवस. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांच्या नेमणुकीला नियम आले, आणि अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मुंबई बंदराने देशाला जे दिले त्यात हा कायदा मी वरच्या जागी ठेवीन. पण त्याचे स्मारक पाहायला पर्यटकांची बस थांबत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. या बाजूला पाहायला काहीच नाही, गोद्यांत जाऊ देत नाहीत, रस्ते धुळीचे, मग लोकांना तिकडे पाठवायचे कशाला? गोद्यांत सहज जाता येत नाही हे खरे. प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये सुरू झाली, त्यानंतरच्या काही वर्षांत शेजारी व्हिक्टोरिया गोदी झाली. त्याआधी जहाजे भर पाण्यात थांबत आणि पडावांतून माल धक्क्यावर येई. सगळ्या शहराला तो दिसत असे, कारण बंदर उघडे होते. १८७३ च्या पोर्ट ट्रस्टनंतर किनारा भिंतींआड गेला आणि मुंबईकराला आपला समुद्र म्हणजे चौपाटी वाटू लागला. मला ही भिंतच इथली सर्वांत बोलकी वस्तू वाटते. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यात रुईच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र होती, शिवाय सोन्याच्या विटा. शेकडो माणसे मेली, त्यात आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक होते. देशात दरवर्षी अग्निशमन सप्ताह त्याच तारखेपासून पाळला जातो. भिंतीआड काय आहे हे शहराला कळले ते तिथली आग मांडवीच्या छपरांवर पडली तेव्हा. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, नाविकांचा उठाव झाला आणि गिरणी व गोदीचे कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. भिंत मालासाठी होती, माणसांना ती कधी वेगळे ठेवू शकली नाही.

माझगावला भाऊच्या धक्क्यावर ही चाल थांबते. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य या पाठारे प्रभू गृहस्थाने, ज्यांना लोक भाऊ म्हणत, शहरातल्या केरकचऱ्याची भरणी करून धक्का बांधला आणि त्यांचे नाव टिकले. कोकणच्या माणसासाठी मुंबईचे प्रवेशद्वार हेच. रत्नागिरी-मालवणच्या आगबोटींनी गिरणीत काम करणारी दोन पिढ्यांची माणसे इथे उतरवली. गोव्याचे खलाशीही बोटीवर काम मिळेपर्यंत धोबीतलाव-माझगावच्या कूडांत, म्हणजे गावाच्या सामाईक खोल्यांत, आपापल्या गावकऱ्यांबरोबर राहत. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट इथून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. अमावास्येच्या सणाला घरी निघालेले ते चाकरमाने होते. स्वातंत्र्याला महिना उरला होता. गेटवेखालून गेलेल्या शेवटच्या पलटणीचे छायाचित्र सगळ्यांना ठाऊक आहे. रामदासची आठवण मात्र कोकणातल्या घरांनीच जपली.

१९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. तेव्हापासून या किनाऱ्याच्या जमिनीचे काय करायचे यावर योजना होत आहेत. बागा, हॉटेले, पर्यटक जहाजांचा धक्का. किनारा लोकांना मोकळा झाला तर ते हवेच आहे. पण वखारी, गोद्यांचे कट्टे, रेल्वेचे जुने रूळ हे पुरावे म्हणून ठेवले गेले पाहिजेत, आणि माथाड्यांच्या कामाच्या जागा त्यांच्या डोक्यावरून नवे आराखडे काढून हलवता येणार नाहीत.

ही वाट चालून झाली की मग ओव्हलला जावे, आणि राजाबाई मनोरा पाहावा. प्रेमचंद रायचंद या दलालाने आईच्या नावाने १८६४ मध्ये त्यासाठी पैसे दिले. अमेरिकेतले यादवी युद्ध जोरात होते, तिथली रुई मँचेस्टरला मिळत नव्हती, आणि वऱ्हाड-खानदेशची रुई मुंबईतून सोन्याच्या भावाने जात होती. त्या पैशावर बॅक बेची भरणी करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर रोज चढत गेले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, रुईचे भाव कोसळले, बँका बुडाल्या, भरणी कंपनीही बुडाली आणि तिची अर्धवट जमीन पुढे रेल्वेकडे गेली. प्रेमचंदही त्यात सापडले. पण मनोऱ्याचे पैसे आधीच दिले गेले होते, म्हणून बांधकाम चालू राहिले आणि १८७८ मध्ये ते पुरे झाले.